चॉकलेट पुन्हा पुन्हा दाट होते, साच्यात बुडबुडे राहतात: लेसिथिन वाढवण्यापूर्वी काय तपासावे

पावसाळा लागला की लहान प्रमाणावर चॉकलेट करणाऱ्यांची एक तक्रार हमखास सुरू होते. सकाळी वितळवलेले चॉकलेट साच्यात सहज उतरते, पण दुपारी त्याच भांड्यातले चॉकलेट चमच्याला धरून बसते. साचा कितीही आपटला तरी कोपऱ्यांत हवा अडकते आणि वडी काढून पाहावी तर चकचकीत पृष्ठभागावर टाचणीने टोचल्यासारखी बारीक छिद्रे दिसतात. यावर सर्रास सांगितला जाणारा उपाय म्हणजे ‘थोडे लेसिथिन घाला’. लेसिथिन, म्हणजे सोयाबीनसारख्या तेलबियांतून मिळणारा स्निग्ध पदार्थ, एका प्रकारच्या दाटपणावर खरोखर चांगले काम करते. दुसऱ्या प्रकारच्या दाटपणावर मात्र ते जवळजवळ निरुपयोगी ठरते आणि प्रमाण वाढले तर तोच दाटपणा वाढवते.

हे मला माल वाया घालवूनच कळले. पुण्यातल्या माझ्या छोट्या कारखान्यात एका जुलै महिन्यात 5 किलो मिल्क कूव्हर्चर, म्हणजे वितळवून साच्यात ओतण्यासाठी मिळणारे तयार चॉकलेट, दुपारनंतर दाटू लागले, म्हणून मी त्यात अर्धा टक्का, म्हणजे 25 ग्रॅम, लेसिथिन घातले. थोडा फरक पडल्यासारखा वाटला, म्हणून आणखी 15 ग्रॅम घातले. त्यानंतर ते चॉकलेट उलथण्यावरून धार धरून पडण्याऐवजी गोळ्यागोळ्यांनी पडू लागले, आणि साच्यात त्याचे जे उंचवटे राहिले ते थरथरवूनही बसेनात. कूव्हर्चरच्या पाकिटावर घटकांमध्ये सोया लेसिथिन आधीपासूनच लिहिलेले होते. ते मी वाचले होते, पण हिशेबात धरले नव्हते.

दाटपणा दोन प्रकारचा असतो

समजा एका वाटीत काकवी आहे आणि दुसऱ्या वाटीत श्रीखंड. दोन्ही पदार्थ दाटच आहेत. काकवी ताटलीत ओतली तर सावकाश पसरते, पण पसरत राहते आणि शेवटी सपाट होते. श्रीखंडाचा गोळा मात्र ताटलीत ठेवल्या जागी बसून राहतो. त्यावर चमचा दाबला तरच तो हलतो, आणि एकदा हलू लागला की फारसा विरोध करत नाही. काकवीमध्ये जी आहे ती श्यानता, म्हणजे वाहत असताना होणारा विरोध. श्रीखंडाला हलवण्यासाठी जो पहिला जोर लावावा लागतो, त्याला चॉकलेटच्या धंद्यात ‘यील्ड व्हॅल्यू’ म्हणतात. मोठे कारखाने चॉकलेट 40 अंश सेल्सिअसला ठेवून यंत्रावर हे दोन आकडे वेगवेगळे मोजतात, कारण वितळलेल्या चॉकलेटमध्ये हे दोन्ही गुण एकाच वेळी असतात आणि त्यांवरचे उपाय वेगळे असतात.

यंत्राशिवायही पुरेसा अंदाज घेता येतो. स्टीलचे कोरडे ताट थोडे कोमट करून घ्यावे, 40 अंशांच्या आसपासचे वितळलेले चॉकलेट, टेम्पर न केलेले (म्हणजे ठरावीक तापमानांना आणून त्यातल्या चरबीचे स्फटिक घडवलेले नाहीत असे), मोठा चमचाभर त्यावर टाकावे आणि ताट एका बाजूने दोन बोटे उचलावे. चॉकलेट लगेच सरकू लागले, पण फार सावकाश सरकले, तर श्यानता जास्त आहे. ते जागचे हललेच नाही, ताट आणखी उचलल्यावर किंवा खालून टिचकी मारल्यावर एकदम घसरले, आणि चमच्याने ओढलेली रेघ त्याच्या अंगावर तशीच राहिली, तर यील्ड व्हॅल्यू जास्त आहे. साच्यातले बुडबुडे बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रकारामुळे राहतात. बारीक बुडबुड्याला वर येण्यासाठी भोवतालचे चॉकलेट बाजूला सारावे लागते आणि चॉकलेटला हलवण्याइतका जोर त्या बुडबुड्यात नसतो. साचा थरथरवला की तो जोर बाहेरून मिळतो, म्हणून थरथरणाऱ्या पाटावर फरक पडतो. थरथर थांबली की उरलेले बुडबुडे जिथल्या तिथे अडकतात.

ही चाचणी करताना शेजारी तुलनेसाठी एक नमुना अवश्य ठेवावा. त्याच कूव्हर्चरचे न फोडलेले पाकीट उघडून 200 ग्रॅम चॉकलेट पूर्ण कोरड्या भांड्यात 45 अंशांपर्यंत वितळवावे आणि त्याच ताटावर, त्याच उताराला पाहावे. ताजा नमुना व्यवस्थित वाहत असेल, तर कूव्हर्चरमध्ये दोष नाही. दोष आपल्या भांड्यात, हवेत किंवा हाताळण्यात आहे, आणि तिथे लेसिथिनसारखे कुठलेही पायसीकारक (इमल्सिफायर) घालण्याआधी पुढच्या दोन गोष्टी तपासायला हव्यात.

आधी ओलावा

माझ्या अनुभवात पावसाळ्यातल्या दहा तक्रारींपैकी निम्म्याहून अधिक इथेच मिटतात. वितळलेले चॉकलेट म्हणजे कोको बटरमध्ये, कोकोच्या बियांतल्या चरबीत, तरंगणारे साखरेचे, कोकोचे आणि दुधाच्या भुकटीचे अतिशय बारीक कण. साखरेला पाणी प्रिय आहे. पाण्याचा अंश आला की साखरेच्या कणांचा पृष्ठभाग चिकट होतो, कण एकमेकांना धरतात आणि यील्ड व्हॅल्यू झपाट्याने वाढते. या धंद्यातला एक जुना ठोकताळा असा की चॉकलेटमध्ये 0.3 टक्का ओलावा जास्त राहिला, तर पूर्वीइतकेच प्रवाही होण्यासाठी त्यात सुमारे 1 टक्का जास्त कोको बटर घालावे लागते. आपल्या 5 किलोच्या भांड्यासाठी याचा अर्थ असा, की 15 ग्रॅम पाण्याची, म्हणजे एका मोठ्या चमच्याची, भरपाई करायला 50 ग्रॅम कोको बटर लागेल.

एवढे पाणी आत जाते कुठून? उत्तर बहुधा फ्रिजमध्ये असते. उन्हाळ्यात सवय लागते म्हणून आपण लाद्या फ्रिजमध्ये ठेवतो आणि पावसाळ्यात तिथून काढून थेट चिरायला घेतो. दमट हवेत ती गार लादी बाहेर येताच तिच्यावर दव धरते. हे मी एकदा मुद्दाम जवळून पाहिले: फ्रिजमधून काढलेली एक लादी ओट्यावर ठेवली, दोन-तीन मिनिटांत तिचा तपकिरी रंग धुक्यातून पाहिल्यासारखा फिका झाला, आणि बोट फिरवल्यावर बोटाला ओल लागली. ती लादी चिरून वितळवली की ते दव चॉकलेटमध्ये गेलेच. लादी बंद पिशवीतच खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी आणि मग पिशवी उघडावी, एवढ्यानेच माझ्याकडचा बराच त्रास गेला.

ओलाव्याच्या आणखी काही वाटा आहेत. गरम पाण्यावर भांडे ठेवून वितळवताना वाफ कडेने वर येते. भांडे खालच्या पातेल्यावर घट्ट बसले पाहिजे आणि खालचे पाणी उकळता कामा नये. मेल्टरमध्ये रात्रभर राहिलेले चॉकलेट झाकणाच्या आतल्या बाजूचे थेंब पिते. केशराचे दूध, गुलाबपाणी, पाण्यात कालवलेले रंग हे तर सरळ शत्रू आहेत. दुधाची भुकटी किंवा इन्स्टंट कॉफी वरून मिसळण्याची सवय असेल, तर ती पाकीट उघडल्यापासून किती दिवस हवेत आहे ते पाहावे. अशा भुकट्या ओलावाही आणतात आणि स्वतःभोवती कोको बटर अडकवूनही ठेवतात. ओलाव्याने गच्च झालेल्या चॉकलेटमध्ये लेसिथिन ओतून ते पूर्ववत होत नाही. ते भांडे गनाश किंवा ब्राउनीसाठी बाजूला काढणे हाच शहाणपणा आहे.

मग टेम्पर आणि तापमान

टेम्पर केलेले चॉकलेट काम चालू असताना तासाभरात दाटू लागले, तर त्यात कोको बटरचे स्फटिक गरजेपेक्षा जास्त झाले आहेत. डार्क चॉकलेट 31 ते 32 अंशांवर आणि मिल्क 29 ते 30 अंशांवर राखले तरी स्फटिक वाढतच जातात, विशेषतः भांड्याच्या थंड कडांवर. अशा वेळी तापमान अर्ध्या अंशाने, फार तर एका अंशाने वर न्यावे किंवा 40 अंशांवरचे थोडे वितळलेले चॉकलेट मिसळावे. दाटपणा याने गेला, तर लेसिथिनची बाटली उघडायचे कारणच नव्हते. खरी परीक्षा अशी: दाट झालेले चॉकलेट 45 अंशांपर्यंत पूर्ण वितळवून पुन्हा ताटावर पाहावे. वितळल्यावर ते ताज्या नमुन्यासारखे वाहिले, तर दोष टेम्परचा होता. तरीही बसून राहिले, तर ओलावा आला आहे किंवा मूळ मिश्रणातच स्निग्धांश अपुरा आहे. मिल्क आणि व्हाइट चॉकलेट 50 अंशांच्या पुढे तापवू नये, कारण दुधातली प्रथिने जळू लागतात, गुठळ्या धरतात आणि त्या गुठळ्या कशानेच विरघळत नाहीत.

लेसिथिनची मर्यादा

या दोन तपासण्यांत काही सापडले नाही, तर पायसीकारकाचा विचार करावा. ‘पायसीकारक’ हा शब्द इथे थोडा फसवा आहे. पाणी आणि तेल एकजीव करणे हे त्याचे एरवीचे काम; चॉकलेटमध्ये पाणी जवळपास नसतेच. लेसिथिनच्या रेणूचे एक टोक साखरेच्या कणाला चिकटते आणि दुसरे टोक कोको बटरमध्ये राहते. त्यामुळे साखरेच्या कणावर जणू तेलाचा हात फिरतो आणि कण एकमेकांवरून घसरतात. अगदी थोडे लेसिथिन स्वतःच्या वजनाच्या दहापट कोको बटरइतका पातळपणा आणते, आणि कोको बटर महाग असल्याने जगभरचे कारखाने ते वापरतात.

पण साखरेच्या कणांवरची जागा भरली की उरलेले लेसिथिन कुठे जाणार? ते कणांवर दुसरा थर धरते, आपापसांत गोळा होते, आणि चॉकलेटला हलवायला लागणारा पहिला जोर पुन्हा वाढू लागतो. हे वळण साधारणपणे 0.3 ते 0.5 टक्क्यांच्या दरम्यान येते. साखर अधिक बारीक दळलेली असेल तर पृष्ठभाग जास्त असतो आणि वळण थोडे पुढे सरकते. बाजारातल्या बहुतेक कूव्हर्चरमध्ये या वळणाच्या जवळपास जाईल इतके लेसिथिन आधीच असते. म्हणूनच माझे ते 40 ग्रॅम, म्हणजे आधीच्या लेसिथिनवर आणखी 0.8 टक्का, उलटे पडले. स्वतः बिया भाजून, दळून चॉकलेट करणाऱ्यांनी, ज्यांच्या मिश्रणात लेसिथिन मुळीच नसते, 0.3 टक्क्याने सुरुवात करायला हरकत नाही. तयार कूव्हर्चरमध्ये मात्र मी आता लेसिथिन वरून घालतच नाही.

यील्ड व्हॅल्यूसाठी पीजीपीआर

ताटावर चॉकलेट श्रीखंडासारखे बसून राहत असेल, ओलावा नसेल, टेम्पर ठीक असेल आणि वडीत बुडबुडे राहतच असतील, तर ज्याची गरज आहे ते पायसीकारक म्हणजे पॉलिग्लिसरॉल पॉलिरिसिनोलिएट, बोलताना पीजीपीआर, पाकिटावर 476. ते श्यानता फारशी कमी करत नाही, पण यील्ड व्हॅल्यू फार कमी करते, इतकी की प्रमाण वाढवत नेले तर ती जवळजवळ नाहीशी होते. त्याचे रेणू लांब आणि पसरट असल्याने ते कणांना एकमेकांपासून दूर ठेवतात, आणि आत आलेला पाण्याचा लहानसा अंश धरून ठेवण्याची त्यांची क्षमताही चांगली आहे. लेसिथिन आणि पीजीपीआर एकमेकांची जागा घेत नाहीत. ते एकत्र वापरले जातात. भारतात सगळीकडे मिळणाऱ्या कॅडबरी डेअरी मिल्कच्या वेष्टनावरही 442 आणि 476 अशी पायसीकारकांची जोडी असते. 442 हे अमोनियम फॉस्फेटाइड, लेसिथिनसारखेच काम करणारे.

वापरताना मात्र हात आखडता हवा. युरोपीय संघात चॉकलेटमध्ये त्याची कमाल मर्यादा किलोला 5 ग्रॅम, म्हणजे अर्धा टक्का आहे. मी 5 किलोला 5 ग्रॅमने सुरुवात करते, म्हणजे 0.1 टक्का, आणि ताटावर पाहून गरज असेल तरच 10 ग्रॅमपर्यंत जाते. त्यापुढे जाण्याची वेळ मला आजवर आलेली नाही. एक ग्रॅमचे टप्पे दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा इथे चालत नाही, दशांश ग्रॅम दाखवणारा काटा घ्यावा. पीजीपीआर मधासारखे दाट, पिवळसर असते आणि बाटलीतून थेट चॉकलेटमध्ये ओतले तर तळाशी तार धरून राहते. म्हणून आधी थोड्या वितळलेल्या कोको बटरमध्ये, साधारण पाचपट, ते नीट कालवावे. ते मिश्रण 40 ते 45 अंशांवरच्या चॉकलेटमध्ये घालावे. दहा-पंधरा मिनिटे हवा न भरता सावकाश ढवळावे. आणि त्यानंतरच टेम्परिंगला घ्यावे. टेम्पर केलेल्या चॉकलेटमध्ये मधूनच घातले तर ते नीट मिसळतही नाही आणि टेम्परही बिघडतो.

कंपाउंड वापरणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. त्यात कोको बटरऐवजी बहुधा पाम कर्नेलसारख्या वनस्पती तेलापासून केलेली चरबी असते आणि तिच्याशी कोको बटरचे जमत नाही. दोन्ही मिसळले तर वडी मऊ राहते आणि काही दिवसांनी पांढरी पडते. तिथे पीजीपीआर थोड्या वितळलेल्या कंपाउंडमध्येच कालवावे. त्याआधी घटकांची यादी वाचावी, कारण अनेक कंपाउंडमध्ये 322 (लेसिथिन) आणि 476 दोन्ही असतात, आणि तसे असेल तर दाटपणाचे कारण पुन्हा ओलावा किंवा जास्त तापवणे हेच निघते. खाद्यतेल घालून पातळ करण्याचा घरगुती सल्ला मी कुणालाच देणार नाही. चॉकलेट पातळ होते खरे, पण वडीचा ‘कट्’ असा आवाज जातो आणि ती बोटांवर वितळू लागते.

ग्राहक विचारतात ते

घटकांमध्ये 476 लिहिले की पहिला प्रश्न येतो: चॉकलेटमध्ये एरंडेल आहे का? या प्रश्नाला उडवाउडवीचे उत्तर देऊ नये, कारण त्यामागची भीती खरी असते. आपल्याकडे एरंडेल म्हणजे जुलाब हे लहानपणापासून ठाऊक असते. पीजीपीआरची सुरुवात एरंडाच्या तेलापासूनच होते. त्या तेलात 85 ते 90 टक्के रिसिनोलेइक आम्ल असते. ते वेगळे काढून त्याच्या साखळ्या करतात आणि त्या ग्लिसरॉलच्या साखळ्यांना जोडतात. तयार होणारा पदार्थ एरंडेल नसतो. एरंडाच्या बीतले रायसिन हे विष प्रथिन आहे, ते तेलात उतरत नाही, पेंडीतच राहते. शिवाय प्रमाण पाहावे. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2017 मध्ये पुन्हा तपासणी करून रोज आयुष्यभर घेतले तरी चालेल असे प्रमाण वजनाच्या दर किलोमागे 25 मिलिग्रॅम ठरवले. वीस किलोच्या मुलासाठी ते रोज 500 मिलिग्रॅम होते. माझ्या 0.1 टक्क्याच्या चॉकलेटमधून तेवढे पोटात जायला त्या मुलाला रोज अर्धा किलो चॉकलेट खावे लागेल. एरंडाच्या उत्पादनात भारत जगात पहिला आहे आणि त्यातला मोठा वाटा गुजरातचा आहे, हेही मी सांगते. परक्या वाटणाऱ्या क्रमांकामागे ओळखीचे शेत दिसले की बोलणे सोपे होते.

दुसरा प्रश्न शाकाहारी आणि जैन ग्राहकांचा, आणि तो अधिक काळजीने घ्यावा लागतो. एरंड वनस्पती आहे, पण पीजीपीआरमधला ग्लिसरॉल प्राणिज चरबीतूनही मिळू शकतो. म्हणून पुरवठादाराकडून वनस्पतिजन्य असल्याचे लेखी प्रमाणपत्र घेतल्याशिवाय हिरवा ठिपका छापू नये. सोया लेसिथिन असेल तर सोयाची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी तसा उल्लेख करावाच लागतो. पीजीपीआरसाठी त्या उल्लेखाची गरज नसते. पाकिटावर ‘इमल्सिफायर’ हा वर्ग लिहून पुढे नाव किंवा क्रमांक द्यावा. आपण वरून एक ग्रॅम घातले असले तरी ते घटकच आहे.

जिथे घालू नये

यील्ड व्हॅल्यू कमी करणे प्रत्येक कामाला हिताचे नाही. साच्यातल्या वड्या आणि पोकळ कवचे यांना ते मानवते. खजूर, अंजीर किंवा बदामाच्या वडीला चॉकलेटमध्ये बुडवायचे असेल, तर फार प्रवाही चॉकलेट उभ्या बाजूंवरून आणि टोकांवरून ओघळून जाते, वरचा थर इतका पातळ पडतो की आतले दिसू लागते, आणि खाली कागदावर जाड किनार जमते, जिला आम्ही ‘पाय’ म्हणतो. बुडवण्यासाठी मी 0.1 टक्क्याच्या वर जातच नाही. कागदी कोनाने नाव लिहायचे, जाळी काढायची किंवा थेंब उभे ठेवायचे असतील, तर चॉकलेटने काढलेली रेघ तशीच धरून ठेवावी अशीच आपली इच्छा असते. त्या कामासाठी पीजीपीआर घालण्यापूर्वीच त्याच भांड्यातून वाटीभर चॉकलेट बाजूला काढून ठेवावे.